मुलांचा जुनाट लिव्हरचा आजार: रक्ताचे रिपोर्ट काय सांगतात आणि काय सांगत नाहीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बिलियरी अ‍ॅट्रेशिया (तान्ह्या बाळाच्या पित्तनलिका बंद होणं), विल्सन (अंगात तांबं साठणं), ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटणं), पीएफआयसी (पित्त अडण्याचा आनुवंशिक आजार), ग्लायकोजेन साठण्याचे आजार. कारण कुठलंही असो, मुलाचं लिव्हर महिनोन्‌महिने आजारी असलं की आईवडिलांच्या हातात रिपोर्टांची जाड फाइल येते आणि तेच तेच प्रश्न पडतात. इथली उत्तरं मुंबईत राहणाऱ्या आणि पालघर, कल्याण, पनवेलकडून उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या घरांसाठी लिहिली आहेत. ही वाचून कुठलंही औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

एसजीपीटी ३०० वरून ६० वर आलं. म्हणजे लिव्हर सुधारतंय ना?

कदाचित. पण एकट्या या आकड्यावर पेढे वाटू नका. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत असणारी एन्झाइम आहेत. पेशी फुटल्या की ती रक्तात येतात. त्यामुळे आज किती पेशी मोडताहेत ते या आकड्यावरून कळतं. किती उरल्या आणि उरलेल्या काम करताहेत का, हे कळत नाही. ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये स्टेरॉइड सुरू केल्यावर एसजीपीटी उतरलं तर ती खरोखर चांगली बातमी असते. पण सिऱ्होसिस झालेल्या, म्हणजे व्रणांनी कडक झालेल्या लिव्हरमध्ये मोडायला पेशीच फारशा उरल्या नाहीत, तरी एसजीपीटी उतरतंच.

समजा एकाच मुलाचे तीन रिपोर्ट समोर आहेत. जानेवारीत एसजीपीटी २१०, मार्चमध्ये १२०, मेमध्ये ६४. घरचे खूश. आता त्याच कागदांवरच्या बाकीच्या ओळी बघा. बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ४, मग ७, मग ११. अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन) ३.६, ३.१, २.६. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढला की वाईट) १.१, १.३, १.७. प्लेटलेट २.४ लाख, १.६ लाख, ९० हजार. हे मूल चार महिन्यांत झपाट्यानं खालावलं आहे आणि कागदावर ‘सुधारलेला’ आकडा फक्त एसजीपीटीचा आहे. असे तीन रिपोर्ट हातात असतील तर पुढच्या तारखेची वाट बघायची नसते.

मग आजार किती पुढे गेलाय ते कुठल्या आकड्यांवरून कळतं?

मुख्यतः चार: बिलिरुबिन, आयएनआर, अल्ब्युमिन आणि प्लेटलेट. पहिले तीन लिव्हरचं काम मोजतात. प्लेटलेटवरून पोर्टल शिरेतल्या (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणारी शीर) दाबाचा अंदाज येतो. या चारांच्या जोडीला मुलाचं वजन आणि उंची. हे रक्तात मोजत नाहीत, पण मुलांच्या बाबतीत ते रक्ताच्या आकड्याइतकंच वजनदार आहे; का ते खाली पेल्ड स्कोअरच्या उत्तरात येईल.

पोटात पाणी झालं असेल तर सोडियमही बघायचं. ते १३० च्या खाली गेलं की डॉक्टर जास्त सावध होतात. क्रिएटिनिन मात्र फसवतं. या मुलांच्या अंगावर मांस कमी असतं, त्यामुळे किडनी दमली तरी आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो.

आयएनआर १.८ आलंय. लिव्हर फेल झालं का?

लगेच तसं म्हणू नका. आधी दोन गोष्टी तपासायच्या: नमुना नीट घेतला होता का, आणि व्हिटॅमिन के कमी आहे का.

नमुन्यापासून सुरुवात करू. आयएनआरची नळी निळ्या बुचाची असते. तिच्या तळाशी रक्त गोठू न देणारं सायट्रेटचं द्रावण आधीच भरलेलं असतं आणि रक्त-द्रावणाचं प्रमाण ९ ला १ असं ठरलेलं असतं. २ मिलिच्या नळीत ०.२ मिलि द्रावण असेल तर १.८ मिलि रक्त लागतं, नळीवरच्या खुणेपर्यंत. बाळ रडतंय, शीर सापडत नाही, शेवटी १ मिलि कसंबसं निघतं आणि ‘चालेल’ म्हणून तेवढंच पाठवलं जातं. मग द्रावण जास्त पडतं आणि आयएनआर खोटंच वाढलेलं येतं. रक्त हळूहळू थेंबाथेंबानं निघालं आणि नळीत बारीक गुठळी झाली, तरी निकाल बिघडतो. हेपॅरिननं धुतलेल्या सलाइनच्या लाइनमधून रक्त ओढलं, तरीही. नळी अर्धी भरलेली दिसली तर तिथंच ‘ही परत घ्यावी लागेल का?’ असं विचारायला लाजू नका. चांगली लॅब असा नमुना स्वतःच नाकारते.

आता व्हिटॅमिन के. रक्त गोठवणारे काही घटक बनवायला लिव्हरला हे व्हिटॅमिन लागतं आणि ते आतड्यातून शोषून घ्यायला पित्त लागतं. पित्त अडलेल्या मुलाच्या लिव्हरमध्ये ताकद असली तरी कच्चा माल पोचत नाही. म्हणून व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन काही तासांनी, बहुतेक ठिकाणी ६ ते २४ तासांत, आयएनआर पुन्हा करतात. तो १.८ वरून १.२ वर आला तर कमतरता व्हिटॅमिनची होती. तसाच राहिला तर लिव्हरचं काम खरंच कमी झालंय. इंजेक्शननंतरही आयएनआर २ किंवा त्याहून जास्त राहिला, किंवा १.५ च्या वर असून मूल सुस्त, गोंधळलेलं असेल, तर लहान मुलांच्या तीव्र लिव्हर फेल्युअरच्या व्याख्येत तेच बसतं.

आणखी एक गोष्ट. फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा दिल्यावर आयएनआर सुधारतो, पण तो रक्तदात्याच्या प्लाझ्मामुळे. पुढचे काही तास त्या आकड्यावरून मुलाच्या लिव्हरबद्दल काही कळत नाही. प्लाझ्मा किंवा अल्ब्युमिन चढवल्याची तारीख आणि वेळ फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात गेलात की हीच माहिती सगळ्यात आधी हरवते.

आयएनआर लवकर बदलतो आणि अल्ब्युमिन हळू, असं का?

रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी सातव्या क्रमांकाचा घटक रक्तात जेमतेम ४ ते ६ तास टिकतो. नवा बनणं थांबलं की दिवसभरात आयएनआर चढतो. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य साधारण २० दिवसांचं असतं. त्यामुळे कालपरवा बिघडलेल्या लिव्हरमध्ये ते चांगलं दिसू शकतं आणि सुधारणाऱ्या लिव्हरमध्येही काही आठवडे कमीच राहतं. शिवाय जंतुसंसर्ग, लघवीतून प्रथिनं जाणं, अपुरा आहार यांनीही ते उतरतं. आठवड्याला अल्ब्युमिन करून काही हाती लागत नाही.

बाळ दीड महिन्याचं आहे, कावीळ आहे. एकूण बिलिरुबिन फक्त ६ आहे, थांबू का?

नाही. एकूण आकडा बाजूला ठेवा आणि ‘डायरेक्ट’ (लिव्हरनं पित्तात सोडण्यासाठी तयार केलेला भाग) बघा. ते १ मिग्रॅपेक्षा जास्त असेल तर ही ‘उन्हात ठेवा, जाईल’ अशी कावीळ नव्हे. दोन आठवड्यांनंतरही पिवळं दिसणाऱ्या प्रत्येक बाळाचं (फक्त आईच्या दुधावर असलेलं आणि बाकी ठणठणीत असेल तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत) डायरेक्ट बिलिरुबिन व्हायलाच हवं. सोबत शी पांढुरकी, मातकट होत असेल आणि लघवी दुपट्याला पिवळा डाग पाडत असेल, तर बिलियरी अ‍ॅट्रेशिया आहे का ते त्याच आठवड्यात ठरायला हवं.

घाईचं कारण साधं आहे. या आजारावरची शस्त्रक्रिया जपानचे सर्जन मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. ती बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर पित्त वाहायला लागण्याची शक्यता जास्त असते, आणि पुढे प्रत्येक आठवड्याला ती घटत जाते. ‘सव्वा महिना होऊ दे, मग बघू’ या सवयीत नेमके हेच दिवस जातात. गळ्यात माळ घालणं, नाकात थेंब टाकणं, चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन ‘कावीळ उतरवणं’ यातही तेच होतं. पाणी पिवळं होतं, बिलिरुबिन जागच्या जागी राहतं.

कासाई झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांचं बिलिरुबिन फार महत्त्वाचं. तीन महिन्यांनी एकूण आकडा २ च्या खाली असेल तर बाळाचं स्वतःचं लिव्हर पुढे बरीच वर्षं चालण्याची आशा असते. तो चढाच राहिला तर ट्रान्सप्लांटची चर्चा लवकर सुरू करणं शहाणपणाचं. पहिल्या वर्षात ताप १००.४ च्या वर गेला, शी पुन्हा पांढरी झाली आणि रक्तात सीआरपी (जंतुसंसर्गात वाढणारं प्रथिन), बिलिरुबिन, जीजीटी (पित्त अडलं की सहसा वाढणारं एन्झाइम) एकदम वाढलं, तर पित्तनलिकांचा जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी भरती करतात.

बाळ बरं दिसतंय, पण डायरेक्ट बिलिरुबिन फारच हळू उतरतंय.

बराच काळ पित्त अडलेलं असलं की बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला कायमचा चिकटतो आणि अल्ब्युमिन टिकेल तितके दिवस रक्तात राहतो. शीला रंग आला, खाज कमी झाली आणि आकडा आठवड्याला थोडा थोडा खाली येतोय, एवढं पुरेसं असतं.

प्लेटलेट ९० हजार. डेंग्यू का?

पावसाळ्यात मुंबईत हा प्रश्न रास्त आहे. लिव्हर कडक झालं की पोर्टल शिरेत दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथंच अडकून पडतात. अशा मुलांच्या प्लेटलेट महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत जातात. मागच्या वर्षी १.८ लाख, सहा महिन्यांपूर्वी १.३ लाख, आता ९० हजार असं असेल तर कारण प्लीहेत शोधा, आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपी लागेल का ते विचारा. दोन आठवड्यांपूर्वी १.६ लाख होत्या, आता ताप आहे आणि प्लेटलेट ६० हजारांवर आल्या, तर डेंग्यू, लेप्टो, मलेरिया हे आधी बघायचं. डेंग्यूत एसजीओटी, एसजीपीटीपेक्षा जास्त वाढतं. जुन्या लिव्हरच्या आजाराच्या मुलात ते दिसलं की ‘लिव्हर बिघडलं’ असा गैरसमज सहज होतो.

कधी कधी जांभळ्या बुचाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. अचानक ३० हजार आलं, पण मूल खेळतंय, अंगावर एकही ठिपका नाही, तर काचपट्टीवर बघून पुन्हा मोजायला सांगा.

अल्कलाइन फॉस्फेटेज ६०० आणि शेजारी लाल अक्षरात ‘हाय’. घाबरायचं का?

बहुतेक वेळा नाही. वाढत्या हाडांतूनही हे एन्झाइम येतं, म्हणून मुलांत ते मोठ्यांच्या तीन-चार पट असू शकतं. लॅबचा संगणक प्रोग्रॅम मात्र मोठ्यांची १२० ची मर्यादा छापून मोकळा होतो. पाच वर्षांखालच्या मुलांत साध्या व्हायरल तापानंतर ते हजारांत जाऊन दोन-तीन महिन्यांत आपोआप उतरल्याचंही दिसतं. पित्ताचाच प्रश्न आहे का हे बघायचं तर जीजीटी बघा. लिव्हरच्या मुलांमध्ये व्हिटॅमिन डी कमी पडून मुडदूस होतो आणि त्यानंही अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं. म्हणून वर्षाकाठी एकदा तरी व्हिटॅमिन डी करून घ्यावं.

एसजीपीटीच्या मर्यादेचं उलटं आहे. बऱ्याच लॅब ४०-४५ पर्यंत नॉर्मल छापतात, पण मोठ्या मुलांत खरी वरची मर्यादा मुलग्यांसाठी २५ च्या आसपास आणि मुलींसाठी त्याहून थोडी कमी धरली जाते. सतत ३८ येणारं एसजीपीटी, विशेषतः अंगानं जाड मुलाचं, ‘नॉर्मल आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

एसजीओटी-एसजीपीटी वाढलंय, बाकी सगळं चांगलं आहे. लिव्हरचंच असेल ना?

दरवेळी नाही. ही एन्झाइम स्नायूंतही असतात. मुलगा जिना चढताना गुडघ्यांवर हात टेकतो, पोटऱ्या जाड दिसतात, जीजीटी नॉर्मल आहे, तर सीपीके ही स्नायूंच्या एन्झाइमची साधी तपासणी करून घ्या. स्नायूंच्या डिस्ट्रॉफीची (स्नायू झिजत जाण्याच्या आजाराची) मुलं वर्षभर ‘लिव्हरची’ म्हणून फिरत राहतात, ती एवढ्या एका तपासणीअभावी.

मूल रात्रभर खाजवतं, कावीळही आहे, पण जीजीटी नॉर्मल. मग पित्ताचं कसं?

नेमकं हेच लक्षण पीएफआयसीच्या पहिल्या दोन प्रकारांत दिसतं. पित्त अडलंय, पण जीजीटी कमी. रक्तातली पित्ताम्लं मोजली तर नॉर्मल १० च्या आत असणारा आकडा दोनशेच्याही पुढे जातो. तिसऱ्या प्रकारात मात्र जीजीटी वाढलेलं असतं. बाळ लहान असताना जीजीटी वाचायची घाई करू नका. नवजात बाळात ते मोठ्यांच्या कित्येक पट असतं आणि वर्षभरात खाली येतं.

पेल्ड स्कोअर म्हणजे काय? घरी काढता येईल का?

येईल. लॉगॅरिदम असलेला कुठलाही कॅल्क्युलेटर चालेल. लहान मुलांना ट्रान्सप्लांटची गरज किती तातडीची आहे ते ठरवण्यासाठी हा स्कोअर अमेरिकेत २००२ पासून वापरात आला, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी. मूळ सूत्र असं:

४.८० गुणिले बिलिरुबिनचा नैसर्गिक लॉग, अधिक १८.५७ गुणिले आयएनआरचा लॉग, वजा ६.८७ गुणिले अल्ब्युमिनचा लॉग. वय एक वर्षाच्या आत असेल तर ४.३६ मिळवायचे. वाढ खुंटली असेल, म्हणजे वजन किंवा उंची वयाच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण-विचलनांहून खाली असेल, तर आणखी ६.६७. कुठलाही आकडा १ पेक्षा कमी असेल तर १ धरायचा.

आठ महिन्यांचं बाळ घ्या. बिलिरुबिन १०, आयएनआर १.४, अल्ब्युमिन २.८. बिलिरुबिनचे ११.०५, आयएनआरचे ६.२५, त्यातून अल्ब्युमिनचे ७.०७ वजा, वयाचे ४.३६. बेरीज १४.५९, म्हणजे १५. याच बाळाची वाढ खुंटलेली असेल तर तो स्कोअर २१ होतो.

आता असं बघा. बिलिरुबिन १० वरून २० झालं तर स्कोअर फक्त ३.३ नं वाढतो. वाढ खुंटल्याचे ६.६७, म्हणजे बिलिरुबिन दुप्पट होण्याच्या दुप्पट. घरात सगळं लक्ष काविळीकडे आणि बाळाचं वजन तीन महिने जागच्या जागी, असं होऊ देऊ नका ते यासाठी. या मुलांना वयाच्या मानानं बरेच जास्त उष्मांक लागतात. पित्त कमी असल्यानं साधं तेल-तूप पचत नाही, म्हणून आहारतज्ज्ञ पित्ताशिवायही पचणारं एमसीटी तेल सांगतात. आणि पोटात पाणी असेल तर वजनकाटा खोटं बोलतो. अशा मुलांचा दंडाचा घेर दर भेटीला मोजून लिहून घ्या.

२०२३ मध्ये अमेरिकेत हे सूत्र बदललं आणि त्यात क्रिएटिनिन आलं, त्यामुळे दोन संकेतस्थळांवर दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात. आपल्याकडे बहुतेक लहान मुलांना आईच्या, वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या लिव्हरचा तुकडा दिला जातो. त्यामुळे स्कोअरचा खरा उपयोग यादीतला नंबर ठरवायला होत नाही, दात्याच्या तपासण्या कधी सुरू करायच्या हे ठरवायला होतो. मेंदूमृत दात्याच्या यादीत मुंबईत नाव नोंदवलं जातं ते ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत, विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे.

असह्य खाज, वारंवारचा जंतुसंसर्ग, रक्ताची उलटी, लिव्हरमुळे फुप्फुसांवर झालेला परिणाम यातलं काहीच या स्कोअरमध्ये येत नाही. ‘स्कोअर १२ आहे, मग अजून वेळ आहे’ असं कुणी सांगितलं तर ही यादी पुढे करा.

अमोनिया १४० आलाय.

अमोनिया रक्तातून काढून टाकणं हे लिव्हरचं काम; तो साचला की मेंदू सुस्तावतो. पण आधी एकक बघा. मायक्रोग्रॅममध्ये असेल तर १.७ नं भागा. १४० चे साधारण ८२ मायक्रोमोल होतात. मग नमुना कसा घेतला ते आठवा. हात घट्ट बांधला होता का, बाळ झटापट करत होतं का, नळी बर्फात ठेवली होती का, अर्ध्या तासात लॅबमध्ये प्लाझ्मा वेगळा केला का. नमुना रेंगाळला की रक्तपेशींतूनच अमोनिया सुटत राहतो. वसईत घरी घेतलेला नमुना दुपारच्या गाडीनं मुख्य लॅबला गेला असेल तर तो आकडा फाइलला लावण्याच्याही लायकीचा नाही. अमोनिया नेहमी हॉस्पिटलच्या आवारातच करावा. आणि मूल जागं, हसरं आहे की रात्री जागून दिवसा झोपतंय, चिडचिड करतंय, अक्षर बिघडलंय, हे आकड्याहून जास्त सांगून जातं.

विल्सनच्या मुलांसाठी वेगळे आकडे असतात का?

हो. निदानासाठी सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहून नेणारं प्रथिन (२० च्या खाली संशय, १० च्या खाली दाट संशय) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं. तान्ह्या बाळात सेरुलोप्लाझ्मिन मुळातच कमी असतं आणि तापात वाढतं, म्हणून ते एकटं पुरत नाही. तीव्रतेसाठी बिलिरुबिन, आयएनआर, एसजीओटी, पांढऱ्या पेशी आणि अल्ब्युमिन यांना प्रत्येकी ० ते ४ गुण देऊन एक निर्देशांक काढतात. तो ११ किंवा जास्त आला तर ट्रान्सप्लांटशिवाय मूल वाचणं अवघड असतं. विल्सनमध्ये एकाएकी लिव्हर फेल होताना एसजीपीटी फारसं वाढत नाही, अल्कलाइन फॉस्फेटेज उलट कमी येतं आणि हिमोग्लोबिन धाडकन पडतं. सख्ख्या भावंडात हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते. ती भावंडं ठणठणीत असली तरी तपासून घ्या.

तांब्याच्या बाटलीतल्या पाण्याची सध्या टूम आहे. विल्सनच्या घरात ती नको. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवलेलं दूध आणि लहान मुलांचा सिऱ्होसिस यांचा संबंध १९८० च्या दशकात पुण्यातल्या अभ्यासातून पुढे आला. ती भांडी स्वयंपाकघरातून गेली आणि तो आजारही जवळजवळ दिसेनासा झाला.

रक्तातूनच फायब्रोसिस कळला तर बायॉप्सी टळेल का?

फायब्रोसिस म्हणजे लिव्हरमध्ये व्रणांच्या तंतूंनी येणारा कडकपणा. बायॉप्सी कधी टळते, कधी नाही. एप्री हा सोपा आकडा आहे: एसजीओटीला लॅबच्या वरच्या मर्यादेनं भागा, १०० नं गुणा, मग हजारांतल्या प्लेटलेटनं भागा. एसजीओटी १२०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख, तर ३ गुणिले १०० भागिले १००, म्हणजे ३. एका आकड्यापेक्षा तो वाढतोय की घटतोय ते बघायचं. फिब-४ मात्र मुलांसाठी वापरू नका. त्यात वयानं गुणतात, त्यामुळे लहान मुलात तो नेहमीच कमी येतो.

एएफपी कशासाठी करतात?

एएफपी हे लिव्हरच्या कॅन्सरच्या गाठीत वाढू शकणारं प्रथिन आहे. सिऱ्होसिस झालेल्या मुलात गाठीवर नजर ठेवायला, साधारण सहा महिन्यांनी, सोनोग्राफीसोबत. जन्मतः एएफपी हजारोंच्या घरात असतं आणि वर्षाच्या आसपास मोठ्यांइतकं होतं. म्हणून दोन महिन्यांच्या बाळाचा आकडा बघून हादरू नका. अपवाद टायरोसिनिमियाचा (टायरोसिन हे अमिनो आम्ल अंगात नीट न मोडण्याचा जन्मजात आजार): आयएनआर खूप बिघडलेला, कावीळ त्या मानानं कमी आणि एएफपी प्रचंड, असं तिन्ही एकत्र आलं की लघवीची सक्सिनिलअ‍ॅसिटोन तपासणी ताबडतोब करतात, कारण यावर औषध आहे.

उपाशीपोटी न्यायचं का? आणि एवढं रक्त काढल्यानं बाळाला अशक्तपणा येणार नाही का?

नेहमीच्या लिव्हरच्या तपासण्यांना उपास लागत नाही. पित्ताम्लं किंवा लिपिडसाठी सांगितलं तरच, आणि तेही किती तास ते डॉक्टरांना विचारून. ग्लायकोजेन साठण्याचा आजार असलेल्या मुलाला कधीही उपाशी ठेवून लोकलमध्ये बसवू नका. विरार ते दादरच्या प्रवासातच साखर घसरून झटका येऊ शकतो.

सहा किलोच्या बाळाच्या अंगात साधारण ४८० मिलि रक्त असतं. एका दिवसात १० मिलि काढलं तरी ते दोन टक्क्यांच्या आसपास जातं. लहान बाळांसाठीच्या छोट्या नळ्या मागितल्या तर अर्ध्यात काम होतं. प्रश्न येतो तो तीन ठिकाणी तीन वेळा त्याच तपासण्या केल्यावर. नळ्यांचा क्रमही पाळायचा असतो: निळी आधी, जांभळी शेवटी. जांभळीतलं ईडीटीए पुढच्या नळीत गेलं की पोटॅशियम खोटंच वाढतं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज खोटंच कमी येतं.

सरकारी की खाजगी लॅब?

कुठलीही एक, पण नेहमी तीच. केईएम, सायन, नायर किंवा परळचं वाडिया, जिथं मूल दाखवता तिथंच तपासण्या झाल्या तर आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. खाजगी लॅबच निवडायची तर आयएनआरसाठी सकाळी लवकर, मुख्य शाखेत जा. मे महिन्यात दुचाकीवरच्या डब्यात चार तास फिरलेला नमुना आणि लगेच तपासलेला नमुना यात फरक पडतो. बिलिरुबिनची नळी उन्हात राहिली तर आकडा कमी येतो. खर्चाची अडचण असेल तर ओपीडीतच वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा.

पावसाळ्यात वेगळं काय?

हिपॅटायटिस ए. धडधाकट मुलाला महिनाभर लोळवणारा हा आजार, सिऱ्होसिसच्या मुलाचं उरलंसुरलं लिव्हर चार दिवसांत संपवू शकतो. वय वर्ष पूर्ण झालं की लस घ्या; सरकारी लसीकरणाच्या नेहमीच्या यादीत ती नाही, मागून घ्यावी लागते. पाणी उकळून द्या, बर्फाचा गोळा आणि रस्त्यावरचा उसाचा रस बंद.

लिव्हरसाठी गुळवेलीचा काढा चालतो ना?

आमचा सल्ला स्पष्ट आहे: नको. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. ते मोठे लोक होते. लहान, आधीच आजारी लिव्हरवर प्रयोग करायचं कारण नाही. आधीच दिला असेल तर लपवू नका. अचानक वाढलेल्या एसजीपीटीचं कारण शोधताना डॉक्टरांचे चार दिवस वाचतात.

तपासण्या किती दिवसांनी?

स्थिर मुलात तीन ते सहा महिन्यांनी, कासाईनंतर सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी, औषध बदलल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा. प्रत्येक वेळी आकडे एका कागदावर तारखेनुसार खालीखाली लिहा. वीस सुटे कागद चाळण्यापेक्षा असा एक तक्ता डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतो.

रात्रीच हॉस्पिटल गाठायचं ते कधी?

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी. मूल उठवल्यावर नीट जागं होत नाही. पोटात पाणी आहे आणि ताप किंवा पोटदुखी सुरू झाली. कासाई झालेल्या बाळाला ताप. हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारं रक्त. अशा वेळी जवळच्या लॅबमध्ये तपासणी करून रिपोर्टची वाट बघू नका, सरळ निघा. फाइल आणि औषधांची पिशवी सोबत घ्या. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून देता येतं. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

दरवेळी सुई टोचून हात काळानिळा पडतो. काही करता येईल?

बधिर करणारं लिडोकेन-प्रिलोकेन मलम डॉक्टरांना विचारून तासभर आधी शिरेवर लावून वर प्लास्टिकची पट्टी बसवा. आदल्या दिवशी भरपूर पाणी पाजा, पाण्यावर बंधन नसेल तर. सुई काढल्यावर कापूस निदान ५ मिनिटं घट्ट दाबून धरा, आयएनआर वाढलेला किंवा प्लेटलेट कमी असतील तर १० मिनिटं. आणि हात कोपरात दुमडून ठेवू नका, सरळ ठेवा. दुमडल्यानं शिरेचं छिद्र उघडं राहतं आणि रक्त कातडीखाली पसरतं.